मलप्पाची गिटार, बसम्माचे कान

खोकं आलं तेव्हा मलप्पा दाराच्या आतच पाटावर बसून शेंगा फोडत होता. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली, कडी वाजवली, "काका, ओ काका" करून पाहिलं, आणि मलप्पाचं आपलं चाललेलं, शेंग फोडायची, दाणे ताटात, टरफलं खाली. शेवटी मागं भांडी घासत असलेली बसम्मा ओल्या हातानं आली.

"आवो, दारात मानूस उभा हाय," ती म्हणाली. मग तेच ओरडून म्हणाली. मग नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "कामून ओरडून राहिलीस?"

हे रोजचंच होतं. आधी बोलायचं, मग ओरडायचं, मग हात लावायचा आणि वर बोलणी खायची.

बसम्मा थकली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. गुडघे, कंबर हे या वयात सगळ्यांचंच असतं, त्याचं कुणाला काय कौतुक. तिचा घसा थकला होता. शेजारची मांजर व्याली, आज आमटीत मीठ कमी पडलं, समोरच्यांनी दाराला नवा रंग दिला, या काही ओरडून सांगायच्या गोष्टी नव्हेत. ओरडून सांगायचं म्हणजे कुणी वारलं, गॅस संपला, नाहीतर पाव्हणे आले. हळूहळू त्या घरात तेवढंच बोलणं उरलं होतं. बाकीचं सगळं बसम्माच्या पोटातच राहायचं आणि तिथंच शिळं व्हायचं.

मलप्पानं सारी उमर लातूरच्या एका डाळमिलमध्ये घालवली. तुरीची डाळ करणाऱ्या यंत्रांच्या मधोमध उभं राहायचं, चाळण्यांचा खडखडाट, पट्ट्यांचा सपसपाट. कानात कापूस घाला म्हणून सांगितलेलं होतं, पण कापूस घातला की पट्टा घसरल्याचं कळत नाही, म्हणून मलप्पा घालत नसे. यंत्र जपलं, कान गेले. तेही एकदम नाही. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचे आवाज, मग भजनातली पेटी. ढग गडगडले, रस्त्यानं ट्रक गेला, तर ते त्याला अजून बराबर कळायचं. दवाखान्यातून कानाचं मशीन आणलं होतं. ते लावलं की डोक्यात कुणी ताटल्या आपटतंय असं व्हायचं, म्हणून ते कपाटात पडून होतं.

एवढ्यानंही संसार अडत नव्हता. अडलं ते भजनात. मलप्पा लहानपणापासून भजनातला. गल्लीतल्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी शिवभजन, आणि वर्षातून एकदा रेणापूरकडच्या त्यांच्या गावी शिवनाम सप्ताह. सात दिवस नाम अखंड चालतं. वीणा पाळीपाळीनं कुणाच्या तरी गळ्यात असते, ती जमिनीला टेकवायची नाही. मलप्पानं वीणा गळ्यात घेतली होती, टाळ धरला होता, आवाज साधाच पण लावला होता. मागच्या सप्ताहात अभंग संपला, मृदंग थांबला, सगळ्यांचे टाळ थांबले, आणि डोळे मिटून बसलेल्या मलप्पाचा टाळ चालूच राहिला. पोरंसोरं हसली. गुरुलिंग हा भजनी मंडळाचा पेटीमास्तर आणि म्होरक्या, मोठा सभ्य माणूस. त्यानं मलप्पाच्या हातातला टाळ अलगद काढून घेतला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, तुम्ही आता बसून ऐका."

बहिऱ्या माणसाला बसून ऐका म्हणायचं! पण गुरुलिंगच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यामुळं त्याच्यावर चिडण्याचीही सोय राहिली नाही. तेव्हापासून मलप्पा देवळात गेला नाही. सोमवारी संध्याकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ओट्यावर बसायचा. जायचं कुठंच नाही. भजन सुटलं, माणसं घरी गेली की उठून आत यायचा. त्या सोमवारांचा बसम्माला धसका बसला होता. मंडळात परत जागा मिळाली नाही तर हा माणूस असाच बसल्या जागी आटून जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

मग नांदेडला तिच्या भाचीचं लग्न निघालं. रिसेप्शनला ऑर्केस्ट्रा होता. भल्या मोठ्या स्पीकरपुढच्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून ती मलप्पाला मिळाली. दोनेक गाणी झाली असतील, तोच तो ताठ झाला आणि छातीवर पंजा ठेवून बसला. बसम्माला वाटलं, झालं, आता दवाखाना.

"मला ऐकू येऊन राहिलंय," तो म्हणाला. "खालचं. ते बग, तो वाजवून राहिलाय ते." स्टेजच्या मागच्या बाजूला एक किडकिडीत माणूस चार तारांची लांबलचक गिटार घेऊन, जांभया आवरत उभा होता. जेवणं झाल्यावर मलप्पा सरळ स्टेजवर चढला. त्या माणसाचं नाव सुदर्शन. याला बास गिटार म्हणतात, असं त्यानं सांगितलं. "काका, हे कानानं कमी आन् पोटानं जास्त ऐकायचं वाद्य हाय," असंही म्हणाला. हे दुसरं वाक्य बसम्मानं बसमध्ये परत ओरडून सांगितलं, तेव्हा सगळ्या बसला कळलं.

पुण्याला असलेल्या त्यांच्या लेकीनं, अक्षरानं, फोनवर बघून त्यातल्या त्यात सगळ्यात स्वस्त गिटार मागवून दिली. त्याहून स्वस्त फक्त खेळण्यातली मिळाली असती. तर ते हे खोकं. उघडलं तेव्हा फोटोतली गिटार आणि खोक्यातली गिटार या एकमेकींच्या लांबच्या नात्यातल्या निघाल्या. रंग तोच, पण मानेवरच्या पडद्यांची, म्हणजे आडव्या पितळी पट्ट्यांची, टोकं बाहेर आलेली, हात फिरवला की ओरखडा. तारा पट्टीपासून इतक्या उंच की त्यावर रुमाल वाळत घालावा. दाबायचं म्हणजे बोटाला घळ पडायची. सोबत एक छोटा स्पीकरचा डबा, एक वायर आणि एक वाकडा बारका पाना. तो कशाचा हे कुणालाच कळलं नाही, म्हणून बसम्मानं तो खिळ्यांच्या डब्यात टाकला.

मलप्पानं गिटारीला विभूती लावली आणि पट्टा गळ्यात अडकवला. पुढं जे झालं ते भजनातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तो गिटारही खाली ठेवेना. पाणी प्यायचं झालं, तरी आधी बसम्माला हाक. एका हातात पिठाची परात, दुसऱ्या हातात गिटार, असं तिला उभं करून हा माठाकडं जायचा. "भिंतीला टेकवा की," ती ओरडली, तर म्हणाला, "टेकवत नसतेत." आणि वीणा पेटीला जुळवायची असते. गुरुलिंगची पेटी काळी दोनच्या सुरातली. मलप्पाच्या डोक्यात तो सा पक्का बसलेला, कान गेले तरी तो गेला नव्हता. त्यानं दोन तारा सा ला आणि दोन प ला लावायला घेतल्या. लेकीनं पाठवलेल्या व्हिडिओत बाई वेगळंच काही सांगत होती, पण तिला भजनातलं काय कळतंय. खुंट्या पिळत गेला, पिळत गेला. मान धनुष्यासारखी वाकली, तारा आणखी वर चढल्या, आणि एक तार तुटून सपकन त्याच्या मनगटावर बसली. वळ उठला.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं मात्र अंगण खरंच वाकडं झालं होतं, आणि ते यानंच केलं होतं. मलप्पा कॉटवर बसून राहिला. "गुरुलिंग बराबर म्हनला," एवढंच बोलला. संध्याकाळी बसम्मानं एक जुनं लुगडं काढून गिटारीला गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडच्या एस्टीत बसली. खिळ्यांच्या डब्यातला वाकडा पाना तिनं कनवटीला लावला होता. कशाचा का असेना, सोबत आलेला आहे तर सोबत असावा.

सुदर्शनचं दिवसा झेरॉक्सचं दुकान होतं. लुगडं सोडल्यावर त्यानं मान डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काका, ही वीणा न्हाई. हिला पेटीला जुळवायचं नस्तं. तारा आपल्या जागी ठिवायच्या आन् बोट सरकवायचं." त्यानं सगळ्या तारा ढिल्या केल्या. पाना मागितला. बसम्मानं काढून दिला. मानेच्या टोकाशी एक झाकण होतं, त्याच्या आतल्या सळईत पाना घालून त्यानं किंचित पीळ दिला. "लाकूड एकदम ऐकत न्हाई. आज येवढंच, उद्या बगून आनखी येवढंच." आपल्या गिटारीची जुनी तार त्यानं तुटलेल्या तारेच्या जागी बसवली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचे बारके स्क्रू फिरवून तारा खाली आणल्या, आणि मधल्या दोन तारांवर पहिल्याच पडद्याशी बोट ठेवून दाखवलं, इथं तुमचा काळी दोनचा सा, इथं खालचा प. भजनाला सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

"आन् तार लई खाली आली की पडद्याला घासून झर्र करती. ते ऐकायचं आन् जरा वर घ्यायची. समजलं का काका?"

"हाव, हाव," मलप्पा म्हणाला.

हे हाव-हाव बसम्माच्या चांगल्या ओळखीचं होतं. काही ऐकू आलं नाही की तो दोनदा हाव म्हणायचा. म्हणून मग तीच पुढं सरकून बसली. झर्र म्हणजे कसं, ते सुदर्शनकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि कानात भरून घेतलं. ज्याला गिटार वाजवायची होती त्याला ते कधीच ऐकू येणार नव्हतं.

त्यानंतरचे दिवस असे गेले. मलप्पा कॉटवर, गिटार मांडीवर, स्पीकरचा डबा खाली आणि त्यावर त्याच्या पायाचा उघडा तळवा. तो तळव्यानं ऐकायचा. बसम्मा समोर तांदूळ निवडत बसायची. झर्र झालं की हात वर करायची. तो स्क्रू फिरवायचा, पुन्हा वाजवायचा, ती पुन्हा हात वर करायची. एक तार नीट झाली की दुसरी बिघडायची. आज सरळ केलेली मान रातोरात मूळ पदावर यायची. पडद्यांची टोकं त्यानं भांड्याच्या काथ्यानं आणि मग बारीक कानशीनं घासली, त्यातही दोन बोटं सोलून घेतली. बसम्मा कंटाळायची, हात भरून यायचा, तांदळातले खडे तसेच राहायचे आणि जेवताना दाताखाली यायचे. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. दिवस मावळायला आला तरी तिचा घसा दुखत नसे.

गिटार एकदाची रेषेवर आली. मग मलप्पा म्हणाला, "आता तू म्हन. भजनाबिगर कसं जमवू?"

बसम्मा उदगीरकडची. माहेरी मठात आईसोबत म्हणायची, आवाज उंच होता. सासरी आल्यावर बायकांच्या बाजूला मागं बसून टाळ्या वाजवल्या, तेवढंच. पदर सारखा करून तिनं सुरुवात केली. ओरडून ओरडून आवाज फाटला होता, पण वरची जागा अजून शाबूत निघाली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मलप्पा तिच्या तोंडाकडं बघत सा वाजवत होता, प वाजवत होता, मान डोलवत होता. तिला बरं वाटलं, लई बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिचं कुणी इतका वेळ ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात ती ओळ विसरली. चालीवरच तिनं म्हटलं, "आता पुढं काय होतं रे देवा." मलप्पा डोलतच होता. तो हसेल म्हणून ती थांबली होती. तो हसला नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. पुढची ओळ तिनं आवाज न काढता म्हटली, नुसते ओठ हलवून. मलप्पाची मान तशीच डोलत राहिली, बोट बरोबर सा वर आलं.

"लई गोड म्हनलीस," तो म्हणाला.

बसम्मा चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. तिला रडू आलं, ते तिनं पाणी उकळेपर्यंत येऊ दिलं. मग तिला दुसरंच सुचलं आणि भीती वाटली. हा आपलं तोंड बघून वाजवतोय. गुरुलिंग पेटीवर मान घालून गातो, वरून मिशा. त्याच्या तोंडाकडं बघून हा काय वाजवणार? पुन्हा सगळे थांबतील आणि हा वाजवतच बसेल. आता तर टाळ नव्हे, त्या डब्याचा आवाज सगळ्या मंडपाला ऐकू जाणार होता. मलप्पाला तिनं यातलं काही सांगितलं नाही.

सप्ताह जवळ आला तेव्हा ती स्वतः देवळात जाऊन गुरुलिंगला बोलावून आली. तो पेटी घेऊनच आला. 'शरणार्थ' म्हणून नमस्कार वगैरे झाले. गिटार पाहून त्याचा चेहरा जरा पडला. "अक्का, हे लग्नात वाजवतेत," तो म्हणाला. पण बसला. बसम्मा नेहमीसारखी दारामागं न जाता त्याच्या शेजारीच सतरंजीवर, मलप्पाच्या समोर बसली. गुरुलिंगला ते खटकलं, पण मोठ्या बाईला काय बोलणार. त्यानं अभंग लावला. बसम्मा सोबत म्हणू लागली, तोंड चांगलं उघडून. मलप्पाची नजर तिच्यावर, तळवा डब्यावर. शेवटी लय चढली, उतरली, तिनं हात वर केला आणि मलप्पा सगळ्यांबरोबर थांबला.

गुरुलिंगनं आधी तिच्याकडं, मग मलप्पाकडं पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, जरा पानी द्या बरं." ती आत गेली तसा त्यानं दुसरा अभंग सुरू केला. तांब्या भरता भरता बसम्माला पेटी ऐकू येत होती आणि तिच्याखालून गिटारीचा तो जाड आवाज. मग पेटी थांबली. गिटार थांबली नाही. ती तांब्या घेऊन धावतच बाहेर आली. गुरुलिंगचे हात मांडीवर होते आणि मलप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे लावून वाजवत होता. तिचं तोंड पाहिलं आणि त्याचा हात आपोआप थांबला.

"झालं व्हय?" त्यानं विचारलं. मग तो धोतराच्या सोग्यानं तारा पुसायला लागला.

"त्यास्नी पेटी ऐकूच येत न्हाई," गुरुलिंग हळू म्हणाला.

"न्हाई."

"मग मगाशी बराबर कसं वाजवलं?"

"माझं तोंड बगून."

गुरुलिंगनं पाण्याला हात लावला नाही. पेटीचा भाता उगीच दाबत बसला. "वाजतंय मात्र चांगलं," शेवटी म्हणाला. "पोटात लागतं. आमच्या भजनाला खालून कायतरी पायजेच होतं." मग तिच्याकडं पाहून म्हणाला, "सप्त्यात बायका पलीकडं बसत्यात. तुम्ही मधी बसलात तर लोक बोलतील. त्यांचं मी बगून घेतो. पन सातबी दिस, आमच्या पाळीला, त्यांच्या तोंडासमोर मांडी घालून बसावं लागंल. गुडघे हायेत तुमचे, अक्का. जमंल का?"

बसम्माला एकदम सगळा थकवा जाणवला. म्हणजे आणखी एक काम. घर, सैपाक, दारावरची बेल, आणि आता सात दिवस याचे कान होऊन बसायचं. नाही म्हणायचा तिला पुरता हक्क होता. तिनं मलप्पाकडं पाहिलं. आपल्याच भजनाचा निकाल लागतोय हे त्याला कळलं होतं, पण तो गुरुलिंगकडं बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत होता, कारण जे काही ठरेल ते त्याला तिथंच दिसणार होतं.

"बसंन," ती म्हणाली. "पन नुसते ओठ हलवायला न्हाई बसनार. म्हननार. मोठ्यानं."

मंडळात बाईनं मधे बसून म्हटलेलं आजवर झालं नव्हतं. गुरुलिंगनं विचार केला, भाता मिटला आणि म्हणाला, "म्हना की."

"काय म्हनले?" मलप्पानं विचारलं.

सवयीनं बसम्मानं ओरडायला छाती भरून घेतली. मग तिच्या ध्यानात आलं, समोर बसलं तर ओरडावंच लागत नाही. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातून, मोरीतून, त्याच्या पाठीमागून ओरडत आली होती. तांब्या हातात तसाच धरून ती त्याच्यासमोर खाली बसली. गुडघा कटकन वाजला.

"चला म्हनले," ती साध्या आवाजात म्हणाली. "दोघं."

"दोघं?" मलप्पानं विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "आन् शेजारची मांजर व्याली. तीन पिलं हायेत."